दूध कशात तापवता?



'निदान' हा आपल्या मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. डॉक्टर म्हणतात, रोगाचं निदान झालं. म्हणजे रोग ओळखला, त्याला नाव मिळालं. आणि घरात आई म्हणते, 'जेवत नाहीस तर निदान दूध तरी घे.' इथं निदान म्हणजे कमीत कमी. हाच शब्द संस्कृतात पाहिला तर त्याचा अर्थ आहे मूळ कारण. म्हणजे एका शब्दात तीन अर्थ झाले : नाव, कारण आणि कमीत कमी. ज्या घरात ओळखू न येणारं दुखणं शिरतं, त्या घराला या तिन्ही अर्थांमधून जावं लागतं. आधी माणूस हात जोडून म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, निदान नाव तरी सांगा.' नाव कळलं की विचारतो, 'पण हे आमच्याच घरात का?' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र फार उशिरा मिळतं, कधी कधी मिळतही नाही.

आज मी तुम्हाला अशाच एका आजाराची गोष्ट सांगणार आहे. त्याचं वर्णन १८८७ साली कागदावर आलं आणि त्याच्या कारणाचा माग लागायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. माग लागला तो आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात. आणि सापडला कुठं, तर स्वयंपाकघरात, दुधाच्या भांड्यात. मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. वैद्यकातलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. पण हा आजार मी लहानपणी माझ्या गावात पाहिला आहे, आणि त्याच्या शोधाची हकीगत नंतर जमेल तशी वाचली आहे. त्या भरवशावर बोलतो.

माझं गाव कुर्डुवाडी. सोलापूर जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातलं रेल्वे जंक्शन. पूर्वी या स्टेशनाला बार्शी रोड म्हणायचे. इथून बार्शी लाइटची छोटी गाडी एका बाजूला बार्शी-लातूरला आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूर-मिरजेला जायची. गावात रेल्वेचा कारखाना. त्यामुळे आमच्या आळीत फिटर, खलाशी, गार्ड, बुकिंग क्लार्क अशी सगळ्या जातीधर्मांची घरं भिंतीला भिंत लावून होती. कुणाच्या घरात काय शिजतं, कुणाचं लेकरू का रडतं, हे चार घरांपर्यंत सहज कळायचं.

मी सांगतो ती गोष्ट १९७०च्या दशकातली. त्या काळी एक शब्द बायका दबक्या आवाजात बोलायच्या : 'त्यांच्या बाळाला लिव्हर झालंय.' आता लिव्हर म्हणजे यकृत, ते तर प्रत्येकालाच असतं. पण आमच्याकडे लिव्हर हे आजाराचंच नाव होतं. बाळ पहिले सहा-आठ महिने छान असायचं. गुटगुटीत, हसरं. मग हळूहळू किरकिर करू लागायचं. अंगात बारीक ताप. खाणं-पिणं कमी. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र फुगत चाललेलं. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं घातली की यकृताची कड हाताला लागायची, कठीण आणि धारदार. पुढं पायांवर सूज, पोटात पाणी, आणि शेवटी कावीळ. एकदा कावीळ झाली की घरातली म्हातारी माणसं नुसती मान खाली घालायची. दुखणं ध्यानात आल्यापासून काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, बहुतेक बाळं जायची.

आमच्या आळीत एका घरात अशी दोन मुलं गेली, एकापाठोपाठ एक. त्या काकूंचं नाव मी सांगणार नाही. पहिल्या मुलाच्या वेळी त्यांनी काय केलं नाही? वैद्याचा काढा झाला, लिव्हरच्या टॉनिकच्या बाटल्या झाल्या. सोलापूरच्या डॉक्टरांकडं चार खेपा झाल्या. पंढरीचा नवस झाला. आणि आमच्या दर्ग्यावरही त्या बाळाला घेऊन आल्या. माझी अम्मा त्यांच्याबरोबर होती. बाळाच्या गळ्यात ताईत बांधला गेला. हिंदू बायका दर्ग्यावर येतात याचं कुणाला नवल नव्हतं. दुखणं आणि देव यांच्या बाबतीत आमच्या गावात पहिल्यापासूनच फार भेद नाही.

पण खरा त्रास पुढं होता. दुसऱ्या मुलालाही तेच झालं तेव्हा बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, बाईचा पायगुण. कुणी म्हणालं, हिच्या दुधातच विष आहे. कुणी म्हणालं, यांच्या वंशालाच शाप आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं 'सिऱ्हॉसिस' हे नाव कुणाला नीट उच्चारता येत नव्हतं, आणि त्या नावात 'का?' या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. कारणाची जागा अशी मोकळी राहिली की तिथं माणसं आपापल्या मनातलं काहीही आणून बसवतात. आणि बहुतेक वेळा तिथं बसवली जाते ती बाळाची आई. मला त्या आजाराची जेवढी भीती वाटते, तेवढीच त्या मोकळ्या जागेची वाटते.

आता त्या शोधाकडे वळू. १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या या यकृताच्या दुखण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. १८९१ साली गिबन्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी त्याच शहरातल्या मुलांवर लिहिलं. पुढं देशात ठिकठिकाणी ही मुलं दिसू लागली आणि आजाराला 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस' असं नाव पडलं. म्हणजे भारतीय मुलांना होणारा, यकृत कठीण करून टाकणारा आजार. नावात देश आला, पण कारण आलं नाही.

मग तर्क सुरू झाले, आणि ते काही वर्षं नाही, काही पिढ्या चालले. आहारात कमतरता असेल का? काविळीचा विषाणू असेल का? भुईमुगावर बुरशी चढते, तिच्या विषामुळं होत असेल का? एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुलं जातात, म्हणजे हा आनुवंशिक आजार असेल का? निरीक्षणं बरीच जमली होती. मुलींपेक्षा मुलगे जास्त दिसतात. अगदी गरिबांच्या झोपडीत कमी दिसतो, खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या मध्यम घरांत जास्त दिसतो. जुन्या डॉक्टरांनी असंही टिपून ठेवलं होतं की हिंदू घरांत जास्त, मुसलमान घरांत कमी. ही सगळी निरीक्षणं समोर होती, पण त्यांना एकत्र बांधणारा धागा सापडत नव्हता. एकाच घरात दोन मुलं गेली की रक्ताकडं बोट जायचं. पण भावंडांचं रक्त जसं एक असतं, तशी त्यांची चूलही एकच असते, आणि चुलीवरचं पातेलंही एकच असतं. त्या पातेल्याकडं बराच काळ कुणी पाहिलं नाही.

धागा सापडू लागला १९७०च्या दशकाच्या शेवटी. पुण्याच्या रास्ता पेठेत के.ई.एम. हॉस्पिटल आहे. डॉ. बानू कोयाजींनी ज्याला आकार दिला तेच. तिथं बालरोग विभागात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे काम करत होते. त्यांच्याबरोबर या कामात ब्रिटनचे बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर होते. या मुलांच्या यकृताचे तुकडे विशिष्ट रंगानं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा पेशींत तांब्याशी निगडित कण दिसले. मग तांबं प्रत्यक्ष मोजलं गेलं. १९७९ साली ते आकडे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निरोगी माणसाच्या यकृतात, वाळवलेल्या एका ग्रॅममागं साधारण पन्नास मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या लेकरांच्या यकृतात ते शेकड्यांत, हजारांत होतं. दीड वर्षाच्या बाळाच्या पोटात एवढं तांबं!

तांबं साठण्याचा एक आजार डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. १९१२ साली किनियर विल्सन यांनी तो सांगितला, म्हणून त्याचं नाव विल्सनचा आजार. तो आनुवंशिक असतो आणि सहसा थोड्या मोठ्या मुलांत, तरुणांत दिसतो. त्यात तांबं वाहून नेणारं रक्तातलं एक प्रथिन बहुधा कमी असतं. आपल्या या बाळांत मात्र ते कमी नव्हतं. वयही जुळत नव्हतं. म्हणजे हा विल्सनचा आजार नाही, हे पक्कं झालं. मग एवढं तांबं आलं कुठून? इंजेक्शनातून नाही, हवेतून नाही. तान्हं मूल ना बाजारात जातं, ना हॉटेलात. ते दूध पितं. मग दुधाकडं वळणं भाग होतं.

श्रोतेहो, मला या हकीगतीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो पुढचा. मोठमोठी यंत्रं, रंग, मोजमाप एका बाजूला ठेवून डॉक्टर आयांशी बोलले. बाळाला अंगावरचं दूध किती दिवस पाजलं? वरचं दूध केव्हा सुरू केलं? ते तापवता कशात? तापवून ठेवता कशात? असे साधे, घरगुती प्रश्न. १९८३ साली डॉ. टॅनर, डॉ. भावे, डॉ. पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडलं की फार लवकर सुरू केलेलं, पितळी-तांब्याच्या भांड्यातलं दूध हे या आजाराचं कारण असू शकेल. पुढं त्यांनी आजारी शंभर मुलांची आणि तशाच वयाच्या निरोगी मुलांची तुलना केली. ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. आजारी मुलांच्या घरात वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातून जास्त जात होतं. फरक स्पष्ट होता.

आता हे घडतं कसं, ते थोडक्यात सांगतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्र धातू. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात दूध तापवलं आणि ठेवलं की तांबं दुधात उतरतं. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं, ते तांब्याला धरून ठेवतं. मोठा माणूस जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतो. तान्ह्या बाळाला ते नीट जमत नाही. शिवाय जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा मोठ्यांपेक्षा जास्त असतो. आईच्या दुधात तांबं फार थोडं असतं, म्हणून त्या काळात निसर्गाचा हिशेब बरोबर बसतो. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच वरचं दूध आलं, आणि तेही रोज, दिवसातून चार वेळा पितळेच्या पातेल्यातून, तर हिशेब बिघडतो.

म्हणजे पाहा, काकूंच्या दुधात विष नव्हतंच. उलट त्यांचं दूध जितके दिवस बाळाला मिळालं, तितके दिवस बाळ सुरक्षित होतं.

आता त्या जुन्या निरीक्षणांचाही उलगडा व्हायला लागतो. मुसलमान घरांत आजार कमी का दिसला असावा? आमच्या आळीपुरतं सांगतो. आमच्या घरी सगळी भांडी तांब्याची. देगची, पातेली, तबक सगळं तांब्याचं. पण आतून पांढरंशुभ्र, कल्हई केलेलं. कल्हई निघाली की अम्मा त्या भांड्यात पाणीसुद्धा ठेवायची नाही. माझे एक मामू हेच काम करायचे. भाता, कोळसे, नवसागर, कथील आणि कापसाचा बोळा एवढाच त्यांचा संसार. वाळूनं घासलेलं भांडं निखाऱ्यावर लाल करायचं, त्यात नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी फिरवून बोळ्यानं झर्रकन पुसायचं. आम्ही पोरं डोळे चोळत तो चमत्कार पाहत बसायचो. कथलाचा तो पातळ थर अन्न आणि तांबं यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहायचा.

शेजारच्या हिंदू घरांत भांडी पितळेची. मामूंकडं त्यांचीही भांडी यायची, नाही असं नाही. पण कोणती? ताकाची, आमटीची, चिंचेच्या साराची. कारण कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'कळकणं' हे क्रियापद आपल्या भाषेत आहे ते याच अनुभवातून. ताक कळकलं की हिरवट दिसतं, चव जाते, मळमळतं. भाषेला एवढं शहाणपण होतं. पण दूध कळकलेलं दिसत नाही. त्याचा रंग बदलत नाही, चव बदलत नाही, मोठ्या माणसाला ते बाधतही नाही. त्यामुळं दुधाच्या पातेल्याला कल्हई लावायची निकड कुणाला वाटली नाही. उलट घासूनपुसून सोन्यासारखं चकाकणारं पातेलं हे सुगरणीचं लक्षण होतं. आणि जिथं दूधदुभतं आहे, पितळी भांड्यांची उतरंड आहे, तिथंच हा आजार जास्त. झोपडीत मातीचं नाही तर जर्मनचं भांडं, आणि वरच्या दुधाची चैन परवडत नाही, म्हणून तिथं कमी. गरिबीनं लेकरू वाचवल्याचं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

कारण कळल्यावर उपायाचीही दिशा मिळाली. पेनिसिलामाईन नावाचं एक औषध आहे. १९५६ साली डॉ. जॉन वॉल्श यांनी ते विल्सनच्या आजारात वापरलं. ते शरीरातल्या तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. पुण्याच्या डॉक्टरांनी ते या मुलांना दिलं. कावीळ होण्याच्या आधी आलेली काही मुलं वाचली. उशिरा आलेल्यांना फारसा उपयोग झाला नाही. १९९६ साली याच गटानं वाचलेल्या मुलांची पुढची हकीगत प्रसिद्ध केली. अनेक वर्षांनी ती मुलं चांगली होती, औषध थांबवल्यावरही आजार परतला नव्हता. विल्सनच्या आजारात औषध जन्मभर घ्यावं लागतं. इथं तसं नाही, कारण तांबं आतून नव्हे, बाहेरून आलं होतं. ज्या आजारात लेकरू हमखास जायचं, त्यातून वाचलेली मुलं शाळेत जाऊ लागली, यापेक्षा मोठी बातमी काय असते?

पण या आजाराला खरं हरवलं ते औषधानं नाही. पुण्याच्या मंडळींनी आयांना समजावण्याचं काम केलं : अंगावरचं दूध जास्त दिवस पाजा, वरच्या दुधाचं भांडं बदला. त्याचा परिणाम दिसला. आणि दुसरीकडं एक माणूस नकळत याच कामाला लागला होता. ती आमची बोहारीण. जुन्या साड्या, जुन्या पँटी घेऊन बदल्यात स्टीलचं पातेलं द्यायची. लग्नात आहेर स्टीलचा येऊ लागला. पितळ मोडीत निघालं. दारोदार 'भांडीऽऽ' अशी हाक देत फिरणाऱ्या त्या बाईला काय कल्पना, की आपल्या डोक्यावरच्या पाटीत कुणाच्या तरी लेकराचा जीव आहे! १९९०च्या दशकात हा आजार दिसेनासा होऊ लागला, आणि आज बालरोगतज्ज्ञांना तो क्वचितच भेटतो. माझ्या मामूंचा धंदाही त्याच स्टीलनं बसवला. कालाचा हिशेब असा असतो, एका हातानं देतो, दुसऱ्या हातानं घेतो.

कुणी म्हणेल, हा आपल्या अडाणीपणाचा परिणाम. तसं अजिबात नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ मुलुखात अगदी असाच आजार होता. १९०० ते १९७४ या काळात तिथं १३८ बाळं गेली. १९९६ साली त्याची हकीगत 'लॅन्सेट'मध्ये आली. तिथल्या शेतकरी बायका गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवून बाळांना पाजत होत्या. भांडी बदलली आणि आजार गेला. तिथंही काही विशिष्ट कुटुंबांतच मुलं जात होती. त्यामुळं तज्ज्ञांना असं वाटतं की भांड्यातलं तांबं आणि बाळाच्या रक्तातली काही जन्मजात कमजोरी, दोन्ही एकत्र आल्यावरच हे घडत असावं. नाहीतर पितळी भांड्यातलं दूध पिऊन वाढलेली लाखो माणसं आपल्याकडं धडधाकट आहेत. सगळ्या संशोधकांना भांड्याचा सिद्धान्त पूर्ण पटला असंही नाही. काही भारतीय रोगनिदानतज्ज्ञांनी त्यावर शंका घेतल्या. शोध असाच असतो. पण भांडं बदलून बाळ वाचत असेल, तर सगळे वाद मिटेपर्यंत कुणी थांबायचं कारण नाही.

आज आपल्या आसपास वेगळे दुर्मिळ आजार आहेत. कुणाचं लेकरू चालता चालता पडायला लागतं, कुणाची वाढच थांबते. कुर्डुवाडीच्या स्टेशनावर रात्रीच्या गाडीची वाट पाहत, मांडीवर मूल आणि काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत फायली घेऊन बसलेले आईबाप मी अजूनही पाहतो. सोलापूर, पुणे, मुंबई, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून तपासण्या. केंद्र सरकारनं २०२१ साली दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं. ठराविक रुग्णालयांना त्यासाठी उत्कृष्टता केंद्राचा दर्जा मिळाला. मुंबईचं के.ई.एम. त्यातलं एक. नाव सारखं असलं तरी पुण्याचं आणि मुंबईचं के.ई.एम. वेगळं, हे लक्षात ठेवा, नाहीतर गाडी चुकायची. धोरणात बसणाऱ्या आजारांना या केंद्रांतून पन्नास लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण त्यासाठी आधी आजाराचं नाव हवं. आणि नाव मिळेपर्यंतचा रस्ता लांब आहे.

त्या रस्त्यावरच्या आईबापांना मी काय सांगणार? एवढंच सांगतो की प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा. पहिलं लक्षण कोणत्या महिन्यात दिसलं ते लिहून ठेवा. नात्यातल्या नात्यात लग्न झालं असेल, आधीचं मूल गेलं असेल, तर लपवू नका. घरात पाणी कुठलं, भांडी कसली, धंदा कसला, तेही डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि डॉक्टरमंडळींना विनंती अशी की ओ.पी.डी.च्या गर्दीत दोन मिनिटं जास्त काढून आईला बोलू द्या. शंभर वर्षं अडलेलं कोडं आईच्या उत्तरानं हललं होतं. ती जे सांगते ते कुठल्याही रिपोर्टात छापून येत नाही.

शेवटी एक ताजी गोष्ट. पितळ आणि तांबं पुन्हा फॅशनमध्ये आलं आहे. पुण्या-मुंबईच्या दुकानांत चकचकीत पितळी कढया, तांब्याच्या बाटल्या हजारो रुपयांना विकल्या जातात. आजीचा वारसा म्हणून लोक हौसेनं घेतात. घ्या, जरूर घ्या. मला त्या भांड्यांचं प्रेमच आहे, माझं बालपण त्यांच्या धुरात गेलं आहे. फक्त आजीच्या भांड्याबरोबर आजीची कल्हईही घ्या. विकत घेताना विचारा, आतून कल्हई आहे का? नसेल तर करून घ्या, निघाली की पुन्हा करा. कल्हईवाला शोधावा लागेल, आमच्या गावातही आता तो वर्षातून एखाद्या वेळी येतो. आणि घरात तान्हं मूल असेल, तर पहिले सहा महिने त्याला फक्त आईचं दूध. पुढं वरचं दूध सुरू कराल तेव्हा ते पितळेत नको, तांब्यात नको, चांदीचा मुलामा दिलेल्या वाटीतही नको. आतला धातू कोणता ते वरून कळत नाही.

त्या काकू आता हयात नाहीत. पुण्यातला शोध छापून आला तेव्हा त्या होत्या, पण ती बातमी आमच्या आळीत पोचायला फार वर्षं लागली. आपल्या दुधात काही दोष नव्हता, हे त्यांना कुणी सांगितलं का, मला माहीत नाही. म्हणून आज तुम्हा सगळ्यांना सांगतोय. ऐकणाऱ्यांत अशी एखादी म्हातारी आई असेल, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लिव्हरनं लेकरू गेलेली, तर तिच्या सुनेनं, नातीनं तिच्याजवळ बसून तिला हे समजावून सांगावं. लेकरू परत येणार नाही. निदान मनावरचा दगड तरी उतरेल.